बाहुलीचा झगा आणि शिवणीतली माया

मंडळी, आज मी एकाच मापाच्या बाहुलीविषयी बोलणार आहे. 9 मार्च 1959 रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात मॅटेल कंपनीने बार्बी मांडली. तिची उंची साडेअकरा इंच, म्हणजे माणसाच्या साधारण एक षष्ठांश. तिच्या सुरुवातीच्या वर्षांतले पोशाख घरी शिवू पाहणाऱ्याला आधी असे वाटते की, त्या काळातल्या झग्याचा बेत, म्हणजे कापड कापण्याचा नमुना, सहापट लहान केला की काम झाले. बेत लहान होतो, पण कापडाची जाडी तेवढीच राहते, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

हिशेब करून पाहू. पाव मिलिमीटर जाडीचे साधे सुती कापड बाहुलीच्या मापाने दीड मिलिमीटरचे, म्हणजे जाड लोकरी कोटासारखे होते. कंबरेपाशी चोळीचे कापड, अस्तर, घेराचे कापड आणि त्याची दुमड असे चारच थर धरले, तरी एक मिलिमीटर जाडी होते आणि कंबरेचा घेर सहा मिलिमीटरने वाढतो. माणसाच्या अंगावर ती वाढ दीड इंचाची वाटेल. बार्बीची कंबर इतकी बारीक का, याचे मॅटेलच्या मंडळींनी दिलेले एक स्पष्टीकरण हेच होते की, कपडे चढल्यावर ती बेताची दिसावी. या स्पष्टीकरणाने सर्वांचे समाधान झालेले नाही, पण शिवणाऱ्याला त्यातले तथ्य पहिल्याच झग्यात कळते.

हे पोशाख बेतणाऱ्या शार्लट जॉन्सन लॉस एंजेलिसच्या शुनार्ड कला संस्थेत शिकवत असत. मॅटेलने त्यांना जपानला पाठवले आणि तिथल्या कारागिरांबरोबर बसून त्यांनी पहिले कपडे तयार करून घेतले. पांढऱ्या ठिपक्यांचा, खाली फुग्यासारखा गोळा होणारा निळा झगा त्यांपैकीच. त्याची नक्कल करताना बहुतेकजण फसतात ते ठिपक्यांवर. माणसाच्या झग्यावरचा सहा मिलिमीटरचा ठिपका इथे एका मिलिमीटरचा हवा. बाजारात मिळणारे नेहमीचे ठिपकेदार कापड बाहुलीच्या अंगावर ताटल्या चिकटवल्यासारखे दिसते.

आता माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेले जादा कापड. आपले शिंपी शिवणीत माया ठेवतात ती पुढे अंग भरले तर कपडा उसवून सैल करता यावा म्हणून. बाहुलीचे अंग भरण्याची भीती नाही, तेव्हा सहा मिलिमीटर माया ठेवून शिवावे आणि मग ती तीनवर छाटावी. गळ्याला आणि मुंढ्याला तिरपी पट्टी लावण्याऐवजी चोळीला वॉयलचे, म्हणजे पातळ सुती कापडाचे, पूर्ण अस्तर उलटे जोडून सुलटे केले, तर एक दुमड वाचते. घेर चुन्यांचा न करता गोल कापला, तर कंबरेवरचा भार निम्म्याहून कमी होतो, आणि 1950च्या दशकातल्या फॅशनला तो शोभतोही. बाळकृष्णाचे अंगडे शिवलेल्यांना हे सांगावे लागणार नाही.

शिवण्याचा क्रमही वेगळा आहे. आधी खांदे जोडावेत, मग कापड सपाट असतानाच बाही मुंढ्याला लावावी आणि शेवटी बाहीची काखेखालची कड व झग्याची कुशी एकाच शिवणीत बंद करावी, कारण तयार मुंढ्याच्या भोकात बोटही शिरत नाही. मशीनचा टाका दीड मिलिमीटरचा ठेवावा; दाते कापड खाली ओढत असतील तर पातळ कागद घालून शिवावे आणि नंतर तो फाडून काढावा.

पाठ मात्र नितंबांपर्यंत उघडी ठेवावी. जुन्या बार्बीचे हात कोपरात वाकत नाहीत, त्यामुळे डोक्यावरून झगा चढवू गेल्यास शिवण उसवते. दोन लहान टिचबटणे पुरतात, पण त्यांतले एक नेमके कंबरेच्या शिवणीवर लावू नये. तिथे आधीच थर साचलेले असतात. आणि गडद निळे किंवा लाल कापड असेल तर ते कापण्याआधी पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावे, नाहीतर त्याचा रंग बाहुलीच्या अंगात मुरतो आणि मग घासून निघत नाही.