भिंत ट्रकवरून येते तेव्हा
नमस्कार मंडळी! मातीचं घर म्हटलं की आपल्याकडे लगेच दोन गोष्टी निघतात, उन्हाळ्यात मस्त गारवा, आणि पावसाचं काय? आज तिकडे ऑस्ट्रियात श्लिन्स गावच्या, मातीच्या भिंती बांधणाऱ्या मार्टिन राउखबद्दल सांगतो. गड्याने 2008 साली स्वतःचं घर पूर्ण केलं, खोदकामात निघाली त्याच मातीचं, आणि भिंतीत सिमेंट अजिबात नाही.

पद्धत जुनीच. साचा उभा करायचा, त्यात ओलसर माती टाकायची (चिखल नाही हं, मुठीत दाबली की गोळा होईल इतपतच ओली), मग धुम्मस मारून ठोकायची आणि परत वरचा थर. पण यात वेळ फार जातो आणि पाऊस आला की काम बंद, म्हणून राउखने ठोकायचं काम शेडमध्येच नेलं, लांबच्या लांब भिंत ठोकायची, तुकडे करायचे, वाळले की ट्रकवर चढवायचे आणि साइटवर क्रेनने एकावर एक रचायचे. स्वित्झर्लंडमध्ये लाउफेनला रिकोला या गोळ्यांवाल्या कंपनीची 2014 ची इमारत अशीच आहे, 111 मीटर लांब! माती आसपासचीच, शेड पण जवळच, कारण हे तुकडे भयंकर जड, लांबून आणायचे तर सगळा फायदा डिझेलमध्ये जाईल. सांधे शेवटी हातानेच त्याच मातीने लिंपतात.

आता पाऊस. थोड्या थोड्या थरांनंतर चुन्याची एक पट्टी देतात, भिंतीवरून ओघळणाऱ्या पाण्याचा जोर तिथे तुटतो. तरी तिकडचा पाऊस म्हणजे कोकणातला आषाढ नव्हे, इथे उंच जोतं आणि चांगली पुढे आलेली वळचण पाहिजेच.

आणि किल्लारीचा भूकंप. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे दगडमातीच्या जड भिंती आणि वरची जाड धाबी लोकांच्या अंगावर आली, त्यानंतर मातीच्या घराला लोक घाबरले तर त्यात चूक काय? रिकोलातही छपराचा भार मातीवर नाही, आतल्या काँक्रीटच्या सांगाड्यावर आहे, भिंत फक्त स्वतःचं वजन पेलते. माझ्या मते आपल्याकडेही हाच मार्ग बरा, सांगाडा वेगळा आणि माती वेगळी.

जर्मनीत डार्मश्टाटला 2019 च्या एका ऑफिसात तर स्टुटगार्टच्या रेल्वे बोगद्यातून निघालेली मातीसुद्धा भिंतीत गेलीये. आणि आपण पायाचा मुरूम डंपरने गावाबाहेर टाकायला वर पैसे मोजतो.