मामांची रेसिंग सायकल

(दृश्य : डिचोलीतलं घर, सोप्याचा कोपरा. जाळ्या, गंज, वाकडं हँडल.)

ही माझ्या मामांची सायकल. बोटीवर कामाला असलेल्या त्यांच्या मित्राने परदेशातून येताना आणलेली. अशा माणसाला आमच्याकडे तारवटी म्हणतात. पोलादी फ्रेम, मेंढ्याच्या शिंगांसारखं हँडल, मागे पाच गिअर. गोव्याच्या इतक्या पावसाळ्यांनी तिचं काय केलंय ते दिसतंयच. भंगारवाला दोनदा येऊन किलोचा भाव सांगून गेला. दोन्ही वेळा मामांनी नुसतीच मान हलवली.

रॉकेलचा बोळा फिरवला आणि गंजाखालून हा निळा रंग निघाला. जोड बघा, नळ्या बघा. कुठे भेग नाही, पोचा नाही. अशी फ्रेम वितळवायला पाठवायची?

गिअरची यंत्रणा मात्र गेली होती. तेव्हा ठरवलं, हिला फिक्स करायची. फिक्स म्हणजे पाय थांबवले तरी चाक फिरू देणारं फ्रीव्हील तिला नसतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, आणि पायडलबरोबर पायही. सुरुवातीच्या बहुतेक सायकली अशाच होत्या. टूर द फ्रान्समध्येही गिअर बदलणाऱ्या यंत्राला परवानगी मिळाली ती १९३७ साली. त्याआधी चढ आला की स्पर्धक खाली उतरून मागचं चाक उलटं लावायचे, कारण हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांच्या चकत्या असत.

माझ्याकडे होते पाच हजार रुपये.

(दृश्य : मागच्या चाकाची खाच, अगदी जवळून.)

ही खाच नीट बघा. ती आडवी आहे, म्हणून चाक मागेपुढे सरकवून चेन ताणता येते. नव्या सायकलींना ती बहुतेक उभी असते. फिक्सला चेन ताणणारी स्प्रिंगची पुली चालत नाही, त्यामुळे उभी खाच असली की काम अडतं आणि खर्च वाढतो. जुनी सायकल शोधत असाल तर रंग, कंपनी राहू द्या, आधी ही खाच बघा.

आता म्हापशातलं दुकान. फ्रीव्हील आट्यांवर गच्च बसलेलं. रात्रभर डिझेलमध्ये ठेवलं, तरी हलेना. मेकॅनिककाकांनी मग पाना हातात धरलाच नाही. तो बाकावरच्या शिकंजात उभा पकडला, चाक त्यावर आडवं बसवलं आणि रिम दोन्ही हातांनी धरून बसच्या स्टिअरिंगसारखी फिरवली. ऐका.

(निवेदन थांबतं. आट्यांचा कर्रर्र आवाज. काकांचे हात.)

सुटलं.

याच जुन्या हबवर फिक्सची चकतीही बसते, आटे सारखेच असतात. वरून पायडलच्या आसाच्या बेअरिंगची रिंग आवळली की काम फुकटात झालं, असं पुष्कळजण सांगतात. मी ते केलं नाही, तुम्हीही करू नका. वेग कमी करायला आपण पायडल मागे दाबतो, तेव्हा चकती आणि ती रिंग दोन्ही एकाच दिशेने सुटू शकतात. खऱ्या फिक्स हबवर रिंगेचे आटे उलटे असतात, त्यामुळे चकती सुटायला गेली तर रिंग अजून घट्ट होते. पाच हजारांतले जवळजवळ निम्मे या हबवर गेले. बाकी कुठेही काटकसर करा, इथे नाही.

नशीब असं की पाच गिअरच्या जुन्या फ्रेममध्ये मागच्या दोन खाचांमधलं अंतर १२० मिलिमीटर असतं, आणि अशा फिक्स हबची, म्हणजे ट्रॅकवरच्या शर्यतीच्या हबची, रुंदीही तेवढीच. रिमला ३६ भोकं, हबलाही ३६. काकांनी दुपारभर बसून एकेक स्पोक ओवला. आता ते चाकाचा आउट काढताहेत. खडूचा तुकडा रिमजवळ धरलाय. चाक जिथे बाहेर येतं तिथे पांढरी रेघ उमटते. तिथले स्पोक आवळायचे किंवा सैल करायचे, पाव फेरा, अर्धा फेरा. शेवटी खडू कुठेच लागत नाही.

पुढच्या दोन चकत्यांपैकी ५२ दात्यांची काढली, आतली ४२ची ठेवली. ती मागच्या चकतीच्या सरळ रेषेत येते, चेन तिरकी पळत नाही. बोल्ट लांब पडले, तिथे वायसर घातले. मागे १६ दाते. १४ का नाही? ४२ला १४ने पूर्ण भाग जातो. मग चाक अडवून घसरवलं तर दर वेळी टायर त्याच जागी घासणार. १६ने ती झीज आठ जागांवर वाटली जाते. चेन आपल्या साध्या काळ्या सायकलचीच, कुठल्याही गावात मिळणारी. मधोमध बोटाने दाबली की अर्धा इंच झोल हवा.

पुढचा ब्रेक ठेवला. नवी केबल, नवी रबरं.

(दृश्य : पहाट. पणजी–रायबंदर रस्ता, दोन्ही बाजूंना पाणी.)

पोर्तुगीजांनी १६३३–३४ मध्ये बांधलेला हा सुमारे तीन किलोमीटरचा सपाट मार्ग. पायडलच्या एका फेऱ्याला साडेपाच मीटर. कुठेही पाय थांबत नाहीत, बघा. रायबंदरहून फेरीने चोडण, कांदळवनाकडेचा रस्ता, तिथून मये, आणि घर.

मयेच्या उतारावर एकदा पाय निसटला, गुडघा सोलवटला. पुढच्या ब्रेकमुळे तेवढ्यावर भागलं. आणि फिरत्या चेनजवळ चिंधी नेऊ नका, बोट अडकलं तर चाक थांबत नाही.

(दृश्य : सोपा. सायकल उलटी ठेवलेली. मामा.)

मामांनी पायडल हाताने पुढे ढकललं. चाक फिरलं. मग मागे ओढलं. चाकही मागे फिरलं.

"अरे, ही मागेही जाते?"

(निवेदन नाही. मामा पुन्हा पायडल मागे ओढतात.)