सातबाऱ्यावरून मागे: मूळ गावी घराण्याचा माग

(पडद्यावर: सातबारा उतारा. खातेदाराच्या नावाशेजारच्या वर्तुळातला आकडा.)

मूळ गावी पोचल्यावर बहुतेक जण आधी देवळात जातात, मग गावातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला गाठतात. जावं, भेटावं. पण त्याआधी हा वर्तुळातला आकडा टिपून घ्यावा. हा फेरफार नंबर. जमीन या नावावर कशी आली, ते त्या फेरफारात लिहिलेलं असतं. त्यावरून आधीचा माणूस कळतो, मग त्याच्याही आधीचा.

जुने फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. काही जिल्ह्यांतले स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावरही आले आहेत. नकलेच्या अर्जात गाव, तालुका आणि फेरफार नंबर हवाच. ‘आमच्या पणजोबांचं काहीतरी बघा’ म्हटलं, तर कोणी अख्खं रजिस्टर चाळत बसत नाही.

(पडद्यावर: वारस नोंदीचा नमुना, अक्षरं जवळून.)

समजा, नोंद अशी आहे: ‘गणू वल्द विठू मयत. वारस मुलगा विठू, अ.पा.क. आई सखू कोम गणू.’ वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. काही दप्तरांत त्याजागी ‘बिन’ येतं. कोम म्हणजे अमक्याची बायको. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. म्हणजे गणू गेला तेव्हा मुलगा लहान होता, कारभार आईकडे आला. एका ओळीत तीन पिढ्या, आणि आडनावाचा पत्ता नाही.

इथेच घोटाळा होतो. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे विठूचा गणू, गणूचा विठू असं चालूच राहतं. नुसतं नाव जुळलं म्हणून पिढी जोडली की एखादी पिढी गळते, नाहीतर भावकीतला दुसराच विठू आपला खापरपणजोबा होऊन बसतो. म्हणून प्रत्येक नावापुढे सर्व्हे नंबर लिहायचा. नाव आणि जमीन दोन्ही जुळली, तरच दुवा पक्का. त्यातही एकत्रीकरणात, म्हणजे विखुरलेले तुकडे एकत्र करण्याच्या योजनेत, सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. जुना आणि नवा नंबर कोणता, ते भूमी अभिलेख कार्यालयातल्या एकत्रीकरण योजनेच्या पत्रकावरून जुळवावं लागतं.

आणखी दोन खाचखळगे. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्याला एकुलता एक समजू नका, भाऊ कागदाबाहेर असू शकतात. आणि फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. वारस नोंद कित्येकदा वर्षानुवर्षं रखडलेली असते. मुलींची नावं शोधायची तर सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना आधी बघा.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे ही वाट साधारण तिथवर नेते. मराठवाड्यात निजामाच्या काळातलं दप्तर उर्दूत आहे. तिथे १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनींचं आणि त्यांच्या धारकांचं पत्रक, हाताशी ठेवावं.

जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना १४, म्हणजेच कोतवाल बुक. त्यात बापाचं नाव असतं, बाळाचं बऱ्याचदा नसतंच. ते शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये सापडतं. फक्त तिथली १ जून ही जन्मतारीख फार मनावर घेऊ नये. गुरुजींनी अंदाजानं घातलेली असण्याचीच शक्यता जास्त.

(पडद्यावर: त्र्यंबकेश्वर. उपाध्यांची लांबट वही.)

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या वह्या असतात. तिथे मूळ गाव, आडनाव आणि जात सांगावी लागते, कारण कोणत्या यजमानांची वही कोणाकडे, हे त्यावरच ठरलेलं आहे. घराणं पुढे दुसरीकडे गेलं असेल तर आत्ताचं नव्हे, आधीचं गाव सांगा. कोल्हापूर, सांगलीकडे घरोघरी येणाऱ्या हेळव्यांकडेही वंशावळी मिळतात. मात्र पुण्याच्या पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशवेकालीन सरकारी कागदांत, शोध घ्यायचा तर घराण्यात वतन, इनाम किंवा चाकरी असल्याचा काही धागा हवा. नुसत्या आडनावावर तिथे महिने जातील.

जुनी पानं मोडीत असतात. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. म्हणून जाणकाराला एकच ओळ न दाखवता पूर्ण पान दाखवा. सनाचा हिशोबही तेव्हाच करून घ्या. शकात ७८ मिळवा; इंग्रजी वर्ष बदलल्यानंतरची, जानेवारी ते फाल्गुनअखेरची तिथी असेल तर ७९. फसली, म्हणजे महसुली सनात ५९०; सुहूर, म्हणजे जुन्या मराठी कागदांतल्या अरबी सनात ५९९. तिथेही जानेवारीपासून मृगापर्यंत, म्हणजे तो सन संपेपर्यंत, एक जास्त. सुहूर सन शब्दांत लिहिलेला असतो: ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार. मिळून ११७५, म्हणजे इसवी सन १७७४-७५.