रोप लावणारा हात

श्रोतेहो, नमस्कार.

चिनी भाषेत कलेसाठी एक अक्षर आहे, 'यी'. त्याचं फार जुनं रूप पाहिलं तर कुणीतरी गुडघे टेकून, दोन्ही हातांनी रोप लावताना दिसतं. म्हणजे कलेचा मूळ अर्थ लावणी! तमाशातली नव्हे हं, शेतातली. पुढे या शब्दाखाली सहा विद्या आल्या : विधी, संगीत, धनुर्विद्या, रथ हाकणं, लेखन आणि गणित. या यादीत चित्रकाराला जागा नाही, मूर्तिकारालाही नाही.

हातांना काम मात्र भरपूर होतं. चीनमधल्या आन्यांगला १९३९ साली शांग काळातलं, म्हणजे तीनेक हजार वर्षांपूर्वीचं, एक कांस्यपात्र सापडलं, वजन आठशे किलोंच्या वर. ते कुणी ओतलं, कुणालाच ठाऊक नाही. चीनचा पहिला सम्राट छिन, त्याच्या थडग्याजवळ पुरलेल्या मातीच्या सैनिकांवर काही कारागिरांची नावं कोरलेली आहेत, पण कौतुकापोटी नव्हे. काम बिघडलं तर मानगूट कुणाची धरायची, ते कळावं म्हणून.

नावाला मान मिळाला तो कुंचल्यामुळे, आणि तोही आधी कुंचल्यानं लिहिलेल्या अक्षरांना. इसवी सन ३५३चा वसंत. वांग शीझी या सरदाराकडे चाळीसेक मित्र जमले. ओढ्यात मद्याचे पेले सोडायचे, पेला ज्याच्यापुढे थांबेल त्यानं कविता करायची. नाही जमली तर दंड म्हणून प्यायचं. (दंड वाईट नव्हता!) त्या कवितांना वांगनं प्रस्तावना लिहिली. तिच्यात एकच अक्षर वीसेक वेळा येतं आणि दर वेळी निराळं वळण घेतं. मूळ कागद हरवला. नकला करणाऱ्यांनी मात्र त्यातली खाडाखोडसुद्धा जशीच्या तशी उतरवली, कारण ती त्या हाताची होती.

तीन शतकांनी थांग घराण्यातला सम्राट थायझोंग या अक्षरांवर इतका लुब्ध झाला, की मूळ प्रत त्याच्या थडग्यात पुरली असं सांगतात. आणि चित्रकाराशी हाच सम्राट कसा वागला? एकदा नौकाविहारात त्याला अनोखे पक्षी दिसले. हुकूम सुटला, "चित्रकार यान लीबेनला बोलवा!" यान दरबारातला अधिकारी. धावत आला, घामाघूम, तळ्याकाठी ओणवा होऊन रंगवत बसला आणि नावेतले पाहुणे पाहत राहिले. घरी जाऊन त्यानं मुलाला बजावलं, मी चांगला शिकलो-सवरलो, पण लोक मला ओळखतात ते या नोकरासारख्या कामामुळे; तू हे शिकू नकोस.

पुढे यान मंत्रिपदापर्यंत चढला. चित्रं काढणं मात्र त्याला कधीच सोडता आलं नाही.