रापण आणि पाच किलोमीटरची रेघ

(दृश्य: पहाट, दक्षिण गोव्यातल्या सासष्टीचा किनारा. होडी पाण्यात ढकलली जाते.)

अजून पुरतं उजाडलेलं नाही. होडी लाटेवर चढली की तिच्यामागून जाळं सुटत जातं. एक टोक वाळूवरच्या माणसांच्या हातात, बाकीचं होडीबरोबर. समुद्रात अर्धा वेढा घालून होडी थोड्या अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लागते आणि दुसरं टोक वाळूवर येतं. ही रापण.

आता दोन रांगा. पाय वाळूत रुतवलेले, कंबरेचा सगळा भार मागे. ओढणारा मागे मागे सरकतो, रांगेच्या शेवटाला पोचला की दोर सोडतो, धावत पाण्यापाशी जातो आणि सगळ्यांच्या पुढे पुन्हा दोर धरतो. दोन्ही बाजूंनी सारखंच ओढावं लागतं. एक बाजू पुढे गेली, तर मासळी दुसरीकडून निसटते. म्हणून एक म्हातारा मधोमध उभा राहून नुसता हात हलवतोय. जोर लावायचं त्याचं वय गेलं, पण त्याच्या हाताशिवाय जाळं हलत नाही.

(इथे निवेदन नाही. लाटा आणि ओढणाऱ्यांचे आवाज राहू द्यावेत.)

बांगडे, तारले, पेडवे, मधेच एखादी इसवण. मासळी वाळूवर आली की वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्या हातांचे वाटे. बघ्यांपैकी कुणी दोराला हात लावला असेल, तर त्याच्याही पिशवीत चार बांगडे पडतात.

गोव्याचा सागरी मासेमारीचा कायदा याच वाळूवर जन्मला. सचिवालयात तो नंतर गेला.

1961 साली गोवा मुक्त झाला आणि पुढच्या काही वर्षांत सरकारी कर्ज आणि अनुदानावर ट्रॉलर, म्हणजे जाळं मागे ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटी, आले. परदेशात सुंगटांना, म्हणजे कोळंबीला, भाव होता. सुंगटं असतात चिखलाच्या तळावर, उथळ पाण्यात, किनाऱ्याच्या जवळ. म्हणजे रापण जिथे पडते, बरोबर तिथेच. ट्रॉलरचं जाळं तळ खरवडत जातं. रापणीचं जाळं वाटेत असलं, तर तेही फाटतं.

1970च्या दशकात रापणकार एकवटले. ‘गोंयच्या रापणकारांचो एकवट’ हे संघटनेचं नाव, माथानी साल्ढाणा हे तिचे नेते. मोर्चे निघाले, समुद्रात होड्या आणि ट्रॉलर भिडले. त्या दिवसांचं चित्रण आमच्याकडे नाही. या लढ्याची धग गोव्याबाहेरही पोचली. देशभरातल्या पारंपरिक मच्छीमारांचा राष्ट्रीय मंच 1978मध्ये उभा राहिला, त्यात गोव्याच्या रापणकारांचा वाटा मोठा.

केंद्राने 1976मध्ये मजुमदार समिती नेमली होती. समुद्रात कुणी कुठे मासे धरायचे, हा तिच्यापुढचा प्रश्न. त्यातून राज्यांसाठी कायद्याचा नमुना तयार झाला आणि 1980मध्ये गोवा, दमण व दीवचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. केरळचाही त्याच वर्षीचा. मासेमारीवर निर्बंध घालायला या कायद्यात तीन मुख्य कारणं लिहिली आहेत: पारंपरिक मच्छीमारांचं हित, मासळीचं जतन, आणि समुद्रातली कायदा-सुव्यवस्था. आमच्या मते पहिल्या आणि तिसऱ्या कारणाने हा कायदा घडवला. मासळीचं नाव दोघांच्या मधे आहे, आणि बराच काळ ते तिथेच राहिलं.

(दृश्य: रिकामा समुद्र, कॅमेरा वाळूवर उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर.)

कायद्याने एक रेघ मारली. किनाऱ्यापासून पाच किलोमीटरच्या आत यांत्रिक ट्रॉलरने यायचं नाही. पाण्यावर ही रेघ दिसत नाही, असं सगळे म्हणतात. पण वाळूवर उभ्या राहिलेल्या माणसाला क्षितिज दिसतं ते पावणेपाच किलोमीटरच्या आसपास. म्हणजे पाणी आणि आभाळ जिथे टेकतात, तिथेच जवळपास कायद्याची रेघ आहे.

(दृश्य: जून महिना, खाडीतली जेटी. निळ्या प्लास्टिकखाली बांधलेले ट्रॉलर.)

1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद. पावसाळा हा बऱ्याच मासळीच्या विणीचा काळ, आणि दर्याही खवळलेला. वल्ह्याच्या होड्यांना सूट आहे. जेटीवर पाऊस, गंजलेले विंच, आणि एका ट्रॉलरच्या केबिनवर झोपलेलं मांजर. ओडिशा-झारखंडकडचे खलाशी गावी गेलेत.

या दोन महिन्यांत महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक ही तिन्ही राज्यं एका सुरात चालतात. एरवी नाही. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे साधारण 22 किलोमीटरपर्यंत राज्याचा कायदा, त्यापुढे 200 मैलांपर्यंत केंद्राचा. तेरेखोलच्या उत्तरेला महाराष्ट्राचे नियम, पोळेच्या दक्षिणेला कर्नाटकचे. बांगड्यांचा थवा मालवणहून कारवारकडे निघाला, तर वाटेत त्याला तीन राज्यं लागतात, आणि तो कुठल्या राज्याचा हे ठरतं ज्याच्या जाळ्यात तो सापडला त्यावरून. प्रखर दिवे लावून मासे गोळा करणं आणि दोन बोटींनी मिळून एक जाळं ओढणं, या दोन्हींवर केंद्राने 2017मध्ये आपल्या हद्दीत बंदी घातली. किनाऱ्यावरून रात्री दूरवर दिवे दिसतात. ते कसले, हे पाहायला आम्ही आत गेलो नाही.

(दृश्य: बाजार. टोपलीतले बांगडे, शेजारी मोजपट्टी.)

हा बांगडा तेरा सेंटिमीटरचा. केरळात तो धरायला बंदी आहे. तिथे बांगड्याचं किमान माप 14, तारल्याचं 10. महाराष्ट्राने 2023मध्ये 54 जातींची मापं ठरवली. एकदाही अंडी न घातलेला मासा पाण्यात राहावा, एवढंच त्यामागचं गणित. माप ठरवायचं तर ते तिन्ही राज्यांत एकच हवं, नाहीतर टोपली फक्त जेटी बदलते. या बाजारात आम्ही दोन सकाळी होतो, पट्टी आमच्याशिवाय कुणाकडे नव्हती. रापणीतही बारीक मासळी येते, हेही खरं.

रापणी कमी झाल्या, ओढायला माणसं मिळत नाहीत, काही होड्या आता पर्यटकांना डॉल्फिन दाखवतात.

(दृश्य: पुन्हा सासष्टी, सकाळ. दोर गुंडाळले जातायत. मागे एक ट्रॉलर.)

कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवरच आहे. ट्रॉलर स्वच्छ दिसतोय. त्याच्या मागे अजून थोडं पाणी आहे, मग आभाळ.

(निवेदन समाप्त. दृश्य वीस सेकंद तसंच.)