आधी उजेड बघा, मग वस्तू

मागे आवाज येतोय ना? बरं. तर आज मी कुठला कॅमेरा घ्यावा, कुठला फोन घ्यावा हे काही सांगणार नाहीये, कारण आपण जे लिहितो त्याच्यासोबत जे फोटो टाकतो, म्हणजे एखादं पुस्तक, हाताने विणलेला स्वेटर, रंगवलेली कुंडी, असे फोटो बिघडतात ते नव्वद टक्के वेळा फोनमुळे नाही तर उजेडामुळे बिघडतात, असं माझं इतक्या वर्षांचं मत झालंय. मी स्वतः सुरुवातीचं अख्खं एक वर्ष विणकामाचे फोटो रात्री, ट्यूबलाइटखाली, वर फ्लॅश मारून काढले. दोन-दोन महिने खपून विणलेल्या गोष्टी आणि फोटोत टाकेच दिसायचे नाहीत, नुसता रंगाचा एक चपटा तुकडा दिसायचा, फार वाईट वाटायचं तेव्हा.

असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण हे एकदा कळलं ना की बाकीचं आपोआप जमायला लागतं. टाका आपल्याला दिसतो तो त्याच्या शेजारी पडलेल्या बारीकशा सावलीमुळे. फोनचा फ्लॅश असतो लेन्सला अगदी चिकटून, म्हणजे कॅमेरा जिथून बघतोय तिथूनच उजेड मारतोय, मग सावली जाते वस्तूच्या मागे आणि आपल्याला सगळं सपाट दिसतं. म्हणून फ्लॅश बंद करा, आणि उजेड बाजूने येऊ द्या.

ही बघा, ही पांढरी फुलदाणी मी खिडकीपाशी ठेवली. आता खिडकी माझ्या पाठीशी आहे, फोटो ठीक येईल पण गोलाई जाणवणार नाही. आता मी नुसती बाजूला सरकले, फुलदाणी तिथेच आहे, खिडकी आता डावीकडे आली, आणि बघा डाव्या कडेपासून उजवीकडे उजेड कसा हळूहळू उतरत गेला. हीच ती गोलाई. उजवी बाजू फारच काळी पडली तर तिकडे एक पांढरा कार्डशीट किंवा थर्माकोलचा तुकडा उभा करा, खिडकीचा उजेड त्याच्यावर आपटून परत येतो. कार्डशीट जवळ-लांब करत करत किती सावली ठेवायची ते तुम्हीच ठरवा, मला स्वतःला थोडी सावली राहिलेली आवडते, सगळी पुसून टाकू नका.

ऊन थेट येत असेल तर मात्र खिडकीवर पातळ पांढरा पडदा ओढा. सूर्य केवढाही मोठा असला तरी इथून तो आकाशातला एक छोटा ठिपका आहे, आणि उजेड जितक्या लहान जागेतून येतो तितकी सावलीची कड धारदार होते. पडद्यावर तेच ऊन पसरलं की अख्खा पडदाच दिवा होतो आणि सावली मऊ पडते. ढगाळ दिवशी हे काम ढगच करतात, म्हणून आभाळ आलंय, आज फोटो नको, असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी सांगते की अहो आजच काढा.

आणि खोलीतला दिवा बंद! पिवळ्या बल्बचा उजेड असतो साधारण 2700 ते 3000 केल्विनचा, दुपारच्या उन्हाचा 5500 च्या आसपास. केल्विन म्हणजे उजेडाचा रंग मोजायचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा. कॅमेरा व्हाइट बॅलन्स करतो, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग सावरतो, तो अख्ख्या फोटोला मिळून एकच, त्यामुळे दोन्ही उजेड एकत्र असले की एक बाजू पिवळी तरी होते नाहीतर दुसरी निळसर, आणि नंतर एडिटिंगमध्ये ते निस्तरताना जीव जातो. कुठलाही चालेल पण एकाच प्रकारचा उजेड ठेवा.

पांढऱ्या वस्तू राखाडी का येतात हा प्रश्न मघाशी कुणीतरी विचारला. कॅमेऱ्याचं मीटर, म्हणजे उजेड मोजून फोटो किती उजळ काढायचा ते ठरवणारा भाग, मुळात असं धरून चालतं की समोरचं दृश्य सरासरीने मधल्या राखाडी रंगाचं आहे, फोन आता पुष्कळ हुशार झालेत तरी ही खोड पूर्ण गेलेली नाही. पांढरं दिसलं की ते अंधार करतात, काळं दिसलं की उजळ करतात. म्हणून स्क्रीनवर वस्तूला बोट लावा, बहुतेक फोनमध्ये शेजारी छोटा सूर्य येतो, तो वर सरकवला की फोटो उजळतो, खाली सरकवला की काळवंडतो, म्हणून पांढऱ्या वस्तूला थोडा वर, काळ्या वस्तूला थोडा खाली.

आता अंतर. फोनची मुख्य लेन्स बरीच वाइड असते, म्हणजे समोरचं रुंद दृश्य पकडते, त्यामुळे आपण जवळ गेलो की पुढचा भाग फुगतो आणि मागचा आक्रसतो, पुस्तकाच्या कडा तिरक्या होतात. दोन पावलं मागे या आणि फोटो नंतर क्रॉप करा. 12 मेगापिक्सेलचा फोटो 4000 बाय 3000 असतो, दोन्हीकडून अर्धा कापला तरी 2000 बाय 1500 उरतो, स्क्रीनवर वाचणाऱ्याला तेवढा पुरतो. बॅकग्राउंडबद्दल फार बोलत नाही, वस्तूपेक्षा जास्त लक्ष वेधून घेईल असं काही मागे नको, बास. आणि लेन्स पुसा हो, बोटांचा तेलकटपणा असला की सगळा फोटो धुरकट होतो.

मला या सगळ्यात एक गोष्ट फार जवळची वाटते. कॅमेऱ्याने काढलेला आणि आजवर टिकलेला सगळ्यात जुना फोटो फ्रान्समधल्या निसेफोर निएप्सचा, 1826-27 च्या सुमाराचा, तोही त्याच्या घराच्या खिडकीतूनच काढलेला. डांबरासारखा लेप दिलेली धातूची प्लेट त्याने इतके तास उजेडात ठेवली की मधल्या वेळात सूर्य या बाजूचा त्या बाजूला गेला आणि समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन उमटलं. त्या प्लेटवर घरं, छपरं पुसट आहेत, पण उजेड कुठून कुठे गेला ते स्पष्ट आहे. मला तर वाटतं तुम्हीही एखादी सुट्टी घ्या आणि एकच वस्तू एकाच खिडकीत ठेवून सकाळी, दुपारी, संध्याकाळी फोटो काढा. तुमच्या घरातली कुठली खिडकी कधी चांगली हे दुसरं कुणीच सांगू शकणार नाही.

रात्रीच वेळ मिळतो, मग काय करायचं? रास्त आहे, नोकरी करणाऱ्यांचं तसंच असतं. मग एकच टेबल लॅम्प घ्या, बाकी सगळं बंद, आणि लॅम्प वस्तूकडे न करता बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे करा, ती भिंत तुमची खिडकी होते. उजेड कमी पडेल, हात हलेल, तर फोन पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवा आणि टायमर लावा.

चला, आता इथले दिवे बंद करते. फुलदाणी इथेच ठेवलीय, एकेका रांगेने पुढे या, फोन काढा, आणि बटण दाबायच्या आधी तिच्याभोवती एक अख्खी चक्कर मारा.