ताईची पहिली संक्रांत

नमस्कार मंडळी. मला तिळगुळाबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलंय, पण मी घरचीच बातमी सांगतो. माझ्या ताईचं लग्न झालं. ताई 58 वर्षांची आहे.

हसा, हसा. आम्हीही आधी हसलोच.

डिसेंबरात एका रात्री दहाला तिचा फोन आला. इथे मेलबर्नला दहा, म्हणजे तिकडे दुपारचे साडेचार. ती फोन करते रविवारी, आणि हा होता मंगळवार. पोटात गोळाच आला. ‘घाबरू नकोस. साताऱ्याला येऊन लग्न केलं. आता वाईच्या एसटीची वाट बघतोय.’ वर, ‘बीपीची गोळी घेतलीस का?’

रजिस्टर लग्न. विशेष विवाह कायद्याप्रमाणे 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती कचेरीत फलकावर लागते. म्हणजे चार रविवार ही बाई माझ्याशी मेथीच्या भावावर बोलत होती आणि तिकडे हिचं नाव फलकावर! साक्षीदार तीन लागतात. तिघंही तिचे जुने विद्यार्थी. आम्ही दोघे सख्खे भाऊ असून आमच्यातला एकही नाही.

राग आला, खोटं कशाला बोलू? बाबा गेल्यावर तिनेच शाळेत नोकरी धरून आम्हाला शिकवलं, आमची लग्नं लावली. म्हटलं, ‘अगं, विचारायचंस तरी.’ ती म्हणाली, ‘तुम्ही तरी कधी विचारलंत?’ मग बराच वेळ फोनवर नुसता स्टँडवरचा गलका.

दाजी निवृत्त पोस्टमास्तर, विधुर. चोपन्नाव्या वर्षी कुणाला ‘दाजी’ म्हणायला माझी जीभ वळेना. आता वळते.

परवाची संक्रांत ताईची लग्नानंतरची पहिली. सासूबाई 86 वर्षांच्या. ‘सुनेला हलव्याचे दागिने नकोत?’ म्हणून हटूनच बसल्या. ताई म्हणाली, लोक हसतील. त्या म्हणाल्या, हसू देत. बाजारच्या हलव्याला मनासारखा काटा नसतो म्हणे! शेजारणीला हाताशी घेऊन मंद आचेवर थेंब थेंब पाक सोडत हलवा घरीच केला. तन्मणी, बाजूबंद, बिंदी सगळं स्वतः ओवलं. दाजींना हार आणि नारळ.

फोटो तिळगुळाच्या ताटाशेजारी ठेवलाय. काळी चंद्रकळा, अंगभर पांढरे दागिने आणि नाकावर तिचा तो मास्तरीणबाईंचा चष्मा. बिंदी जरा तिरकी दिसेल. ती दाजींनी लावली आहे.